गाडीसाठी नरसाळं घेताना

२०२४ साली ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत मी एका साध्या वस्तूच्या मागे होते. गाडीत ऑइल, कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) ओतायचं नरसाळं. दुकानात गेलं की पाच मिनिटांत मिळेल असं मलाही वाटायचं. पण चुकीचं नरसाळं घेतलं की काय होतं ते मी पाहिलंय, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते. स्वतःच्या गाडीचं बॉनेट पहिल्यांदा उघडायला धजावणाऱ्या कुणाला उपयोग होईल.

आमची गाडी २०१३ची, पेट्रोलवर चालणारी, लहान. वॉरंटी केव्हाच संपलेली. ११ ऑगस्ट २०२४, रविवार. सासवडहून दिवे घाट उतरून घरी येत होते. सोसायटीच्या गेटशी वळताना डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला आणि विझला. वळणावर लागतो, सरळ झालं की जातो, म्हणजे ऑइल कमी झालंय एवढं बाबांकडून ऐकून माहीत होतं. गाडी लावली, थोडा वेळ थांबून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढली, पुसली, परत घातली. टोकाला नुसता ओलावा. खालच्या खुणेपर्यंतही ऑइल नव्हतं. पोटात गोळा आला. इंजिन बसलं तर किती हजारांना पडेल हाच विचार.

कोपऱ्यावरचं गॅरेज रविवारी बंद. जवळच्या दुकानातून मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं, ५डब्ल्यू-३०, एक लिटर ऑइल आणलं. ४२० रुपये. नरसाळं नव्हतं. पाण्याची बाटली मधून कापली, उलटी केली आणि तिच्या गळ्यातून ओतायला लागले. कापलेल्या बाटलीला ताठपणा नसतो. ऑइलचं वजन पडलं तशी ती एका बाजूला कलली आणि बरंचसं ऑइल इंजिनावरून खाली ओघळलं. एक्झॉस्टचा पत्रा अजून तापलेला होता. त्यावर पडल्याबरोबर निळसर धूर उठला. मी बाटली टाकून मागे सरले. आग लागली नाही, धूर दहा मिनिटांत विरला. पण हात थरथरत होते ते संध्याकाळपर्यंत. गरम इंजिनावर ओतायची घाई करू नका. अर्धा तास गेला तर काही बिघडत नाही.

उरलेलं ऑइल खालच्या पेव्हर ब्लॉकवर पसरलं. सुताराच्या दुकानातून लाकडाचा भुसा आणून टाकला, तासाभराने झाडून घेतला, मग धुण्याच्या पावडरीने घासलं. डाग फिकट झाला, गेला नाही. १४ तारखेला सोसायटीचं पत्र आलं. सामायिक जागेत वाहनदुरुस्ती केल्याबद्दल खुलासा द्यावा, सफाईचे ५०० रुपये भरावेत. पैसे भरले, पावती घेतली, खुलाशात जे झालं तेच लिहिलं आणि पुढे रविवारी सकाळी ऑइल-पाणी तपासायची, लागल्यास भरायची परवानगी मागितली. अर्ज समितीच्या पुढच्या सभेत ठेवू, असं सेक्रेटरी काका म्हणाले. पुढची सभा म्हणजे किमान महिना.

त्याच आठवड्यात भांड्यांच्या दुकानातून प्लॅस्टिकचं नरसाळं घेतलं. ३५ रुपये. वरून चांगलं रुंद, पण नळी निमुळती होत होत टोकाला करंगळी जेमतेम शिरेल एवढी. पाण्याला, फिनेलला ठीक. अर्धा लिटर ऑइल ओतायला मला बारा मिनिटं लागली. वर तळं साचलेलं आणि खाली मधासारखी धार. मुलगा तेव्हा बारावीला होता. तो जवळ उभा होता. म्हणाला, "आई, दाट द्रव असेल तर नळीचा व्यास निम्मा केला की प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. लांबी तेवढीच ठेवून." वहीवर चार ओळींत दाखवलंही. म्हणजे नऊ मिलिमीटरच्या जागी अठरा मिलिमीटरची नळी घेतली तर तेवढ्याच लांबीतून सोळापट वेगाने उतरणार. त्या दिवसापासून मी नरसाळ्याचं वरचं तोंड बघणं सोडलं आणि खालचं बघायला लागले.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, आपलं रॉकेलचं नरसाळं आहे की माळ्यावर." पुढच्या खेपेला तिने ते पिशवीत घालून दिलं. पत्र्याचं, वर वळवलेली कड, मध्ये पितळी जाळी, बाजूला टांगायला कान. रेशनच्या दुकानातून रॉकेल आणलं की बाबा स्टोव्हच्या टाकीत याच नरसाळ्याने ओतायचे. जाळीवर नखाने दोनदा टिचकी मारायचे, मग रॉकेल आवाज करत खाली जायचं. मी ते हातात घेऊन बराच वेळ बसले. गाडीत बाबांचं नरसाळं वापरावं असं मनापासून वाटत होतं.

पण उजेडात धरून आत बोट फिरवलं. झाळ घातलेल्या सांध्यापाशी गंज, बोटाला तांबूस भुकटी लागली. झाळेचा एक कण नखाने हलवला तर सुटून आला. असा कण इंजिनात गेला तर तो ऑइल पंपाच्या दिशेनेच जाणार. त्यात जाळी इतकी बारीक की रॉकेल उतरायचं, पण दाट ऑइल त्यावर तटून राहिलं असतं. नाही वापरलं. स्वच्छ पुसून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलं, तिथेच आहे.

३१ ऑगस्टला, शनिवारी, नाना पेठेत गेले. पुण्यात गाडीच्या पार्टांसाठी सगळे तिकडेच जातात. एका दुकानात छताला वीसेक तऱ्हेची नरसाळी लटकत होती: लाल, काळी, पारदर्शक, वाकड्या मानेची, लवचिक पाइपची. एक बोटाने दाखवून "हे द्या" म्हटलं. काउंटरवरच्या वयस्कर काकांनी ते उतरवलंच नाही. म्हणाले, "कशात ओतायचंय ताई? आधी तोंड मोजून आणा. गाडीची तोंडं चार, चारी वेगळी." मला वाटलं, गिऱ्हाईक परत पाठवणारा हा कसला दुकानदार. पण ते बरोबर बोलत होते.

घरी येऊन मोजायला बसले तर पट्टी तोंडात नीट बसेना. तेव्हा वहीचा जाड कागद घेऊन त्याची सुरळी केली आणि ऑइलच्या तोंडात सोडली. हात सोडल्याबरोबर सुरळी उलगडून कडेला चिकटून बसली. तशीच चिकटपट्टी लावून बाहेर काढली. झालं माप! व्यास ३० मिलिमीटर. साडेतीन सेंटिमीटर आत गेल्यावर सुरळी कशाला तरी अडत होती. टॉर्च मारून पाहिलं तर आत आडवा पत्रा. म्हणजे लांब नळीचं नरसाळं इथे खाली टेकणार आणि ऑइल अडणार. तशीच सुरळी कूलंटच्या रिझर्व्ह टाकीची केली, रेडिएटरच्या तोंडाची केली, काच पुसायच्या पाण्याच्या टाकीचीही केली. प्रत्येकीवर पेनाने नाव घातलं. शिवाय एक तार सरळ उभी धरून वर किती मोकळी जागा आहे ते पाहिलं. बॉनेट पूर्ण उघडं असलं तरी कूलंटच्या टाकीवर एक पाइप आडवा जातो, तिथे उंच नरसाळं उभंच राहत नाही. सुरळी करताना तोंडाभोवतीची धूळ आधी ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर मोजताना कचरा आपणच आत ढकलतो.

लगेच परत जाता आलं नाही. ७ सप्टेंबरला गणपती बसले, १७ला अनंत चतुर्दशी. त्या दिवसांत पेठांतले रस्ते कधी बंद, कधी चालू. २१ तारखेला, शनिवारी, चार सुरळ्या पिशवीत घालून गेले. काकांनी त्या काउंटरवर ओळीने उभ्या केल्या आणि एकेक नरसाळं उतरवून नळी सुरळीत घालून बघायला लागले. घट्ट बसलं की बाजूला. मला वाटत होतं घट्ट बसणारंच चांगलं. ते म्हणाले, "हवा कुठून बाहेर येणार?" ऑइल आत जातं तेव्हा आतली हवा बाहेर यावी लागते. नळी तोंडात गच्च बसली तर हवा नरसाळ्यातूनच बुडबुड्याने वर येते आणि ऑइल आपल्या अंगावर उडतं. चांगल्या नरसाळ्याच्या नळीला बाहेरून उभ्या धारा, म्हणजे उंच रेघा, असतात, त्या याचसाठी. तशा नसतील तर नळीच्या बाजूला एक जाड तार वाकवून अडकवायची, तेवढी फट पुरते.

मी दोन घेतली. ऑइलसाठी जाड प्लॅस्टिकचं, २० मिलिमीटरची आखूड नळी, बाहेरून धारा, वर एका बाजूला उंच कड. १६० रुपये. कड उंच असण्याचा फायदा असा की ऑइलचा डबा तिच्यावर टेकवता येतो, हात दुखत नाही. कूलंटच्या टाकीसाठी लहान, वाकड्या मानेचं, ७० रुपये. जाळीचं हवं का विचारल्यावर काका म्हणाले, सीलबंद डब्यातून ओतणार असाल तर नको. जाळी साफ झाली नाही तर मागच्या वेळचा कचरा पुढच्या वेळी आत जातो. लवचिक पाइपचंही पाहिलं. दिसायला सोयीचं, पण त्या घड्यांमध्ये ऑइल राहतं आणि कापड आत पोचत नाही. नको म्हटलं. गिअरबॉक्सचं तोंड बाजूला आणि खाली असतं, त्याला लांब पाइप लागतो हे खरं. ते काम मी गॅरेजकडेच ठेवलंय.

ब्रेक ऑइलसाठी कुठलं नरसाळं, हेही विचारलं. काकांनी मान हलवली. "त्याला नरसाळं लावूच नका." घरी येऊन वाचलं तेव्हा कारण कळलं. डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नवं असताना ते निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरली की तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात ब्रेक तापतात तेव्हा हा फरक जिवाशी येतो. आणि इंजिन ऑइलचा नुसता हात लागलेलं नरसाळं वापरलं तर ब्रेकमधले रबरी सील फुगतात. त्यामुळे सील न फोडलेली लहान बाटली आणायची, थेट तिच्यातूनच थोडं थोडं ओतायचं, उरलेलं ठेवायचं नाही. रंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचा, तो रंग खातो.

६ ऑक्टोबरला, रविवारी, ऑइल बदललं. गॅरेजवाल्या दादांना आधी सांगून ठेवलं होतं म्हणून त्यांनी सकाळी खास उघडलं. ड्रेनचा नट आणि फिल्टर त्यांनी काढला, ओतायचं काम मी मागून घेतलं. साडेतीन लिटरचा डबा १,६५० रुपये, फिल्टर ११० रुपये, मजुरी २०० रुपये. दादांनी एक गोष्ट दाखवली ती आयुष्यभर लक्षात राहील. डबा धरताना तोंड खाली नाही, वर ठेवून आडवा धरायचा. आपला हात उलटंच करू पाहतो. पण तोंड वरच्या बाजूला असलं की डब्यात हवा शिरते आणि धार अखंड पडते, गचके बसत नाहीत. मी ओतत होते आणि सोनेरी धार नरसाळ्यात एकही बुडबुडा न येता खाली जात होती. अडीच लिटर गेल्यावर थांबले, पाच मिनिटांनी डिपस्टिक पाहिली, मग थोडं थोडं घालत वरच्या खुणेच्या किंचित खाली ठेवलं. गाडी दोन मिनिटं चालू करून बंद केली, खाली गळती पाहिली, परत डिपस्टिक. जमिनीवर एक थेंब नाही. मला रडू येईल असं वाटलं, खरंच.

जुनं काळं ऑइल दादांच्या पिंपात गेलं. ते धोकादायक कचऱ्यात मोडतं. गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका, परवानाधारक रिसायकलरकडे माल देणाऱ्या गॅरेजमध्ये द्या. घरी काढलं तर जुन्या डब्यात परत भरून नेता येतं, त्यासाठीही नरसाळं लागतं आणि ते वेगळं हवं. माझं ३५ रुपयांचं त्या कामाला ठेवलंय.

१२ ऑक्टोबरला दसरा. घरातली हत्यारं पाटावर मांडतो आम्ही: पान्हे, हातोडी, मुलाची कंपासपेटी. त्या वर्षी त्यात नरसाळं ठेवलं आणि झेंडूचं फूल वाहिलं. आईने विचारलं नाही, नुसतं हळदकुंकू लावलं. नंतर म्हणाली, आजोबांकडे पेरणीच्या आधी तिफणीच्या चाड्याची अशीच पूजा व्हायची. चाडं म्हणजे बी सोडायचं लाकडी नरसाळंच. मूठ किती सैल सोडायची ते हाताला कळावं लागतं, असं ती म्हणाली.

मग कूलंट. रेडिएटर रिकामा करून भरताना आत हवा अडकते आणि ती राहिली तर इंजिन तापतं. त्यासाठी वेगळा संच मिळतो. पारदर्शक मोठं नरसाळं, रेडिएटरच्या तोंडाला टोपीसारखे बसणारे चार-पाच अ‍ॅडॅप्टर आणि वरून बंद करायची दांडी. इथे मात्र नरसाळं घट्टच बसायला हवं, कारण ते रेडिएटरच्या वर उंचावलेली टाकी बनतं आणि हवा बुडबुड्यांनी त्यातूनच बाहेर येते. २० ऑक्टोबरला ऑनलाइन मागवला, १,१९९ रुपये. नऊ दिवसांनी आला, पण आमच्या तोंडाचा लहान अ‍ॅडॅप्टर त्यात नव्हता, चित्रात होता. तक्रार केली, तीन फोटो मागितले, ते पाठवले. मग उघडलेल्या खोक्याचे फोटो पुन्हा मागितले. परत न्यायला माणूस चौथ्या दिवशी आला, पैसे त्यानंतर सहा दिवसांनी. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ घेतला असता तर निम्मा त्रास वाचला असता. शेवटी नाना पेठेतूनच ९५० रुपयांना घेतला, रेडिएटरची सुरळी दाखवून.

दरम्यान १७ नोव्हेंबरला समितीचं उत्तर आलं. परवानगी मंजूर, फक्त रविवारी सकाळी ७ ते ९, गाडीखाली पुठ्ठा आणि ट्रे ठेवण्याच्या अटीवर. तीन महिने लागले, पण लेखी आहे.

२४ नोव्हेंबरला कूलंट बदललं. इंजिन रात्रभर थंड. गरम असताना रेडिएटरची टोपी कधीच उघडू नका, वाफेसकट उकळतं पाणी तोंडावर येतं. जुनं कूलंट ट्रेमध्ये काढलं, डिस्टिल्ड वॉटरने एकदा धुतलं, अ‍ॅडॅप्टर बसवला, नरसाळं लावलं, मिसळून येणारं तयार कूलंट ओतलं. नरसाळं एक तृतीयांश भरलेलं ठेवून गाडी चालू केली, हीटर पूर्ण गरमवर. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग एक मोठा बुडबुडा, मग बारीक बुडबुड्यांची माळ. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला वाट देणारी झडप) उघडला तशी पातळी एकदम खाली गेली, मी घाबरून आणखी ओतलं. पंखा दोनदा लागून बंद झाला, बुडबुडे थांबले, तेव्हा इंजिन बंद केलं. चाळीस मिनिटं लागली. गार झाल्यावर दांडीने नरसाळ्याचं भोक बंद करून उरलेलं कूलंट न सांडता काढलं. सगळा वेळ तिथून हलले नाही, कारण आमच्या पार्किंगमध्ये दोन मांजरी आहेत. कूलंट गोडसर असतं आणि थोडंसं चाटलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात. ट्रे उघडा ठेवून चहाला जाऊ नका.

आता नरसाळ्यांवर रंगीत चिकटपट्टी आहे. ऑइलचं लाल, कूलंटचं हिरवं. एकाचं दुसऱ्यात नाही, धुऊनसुद्धा नाही. वापरल्यावर कापडाने पुसते, उलटं टांगून निथळू देते, मग झिपच्या पिशवीत. उघडं टांगलं तर चिकट भिंतीवर धूळ बसते आणि पुढच्या वेळी तीच आत जाते.

८ डिसेंबरला दिरांचा फोन आला. त्यांची डिझेल गाडी बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या कडक नियमांतली, तिला धूर स्वच्छ करायला डेफ नावाचं द्रव घालावं लागतं. निळ्या झाकणाची टाकी. "वहिनी, तुमच्याकडे नरसाळी आहेत ना, एक द्या. नाहीतर दुकानातलं जस्ताच्या पत्र्याचं घेतो." मी म्हटलं, "भाऊजी, दोन्ही करू नका." डेफ म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया. तांबं, पितळ, जस्त यांना ते खातं, आणि तो धातू विरघळून एक्झॉस्टमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या महागड्या कॅटॅलिस्टपर्यंत पोचतो. ऑइलचा अंश तर मुळीच चालत नाही. कोरं प्लॅस्टिकचं किंवा स्टेनलेस स्टीलचं, फक्त त्याच कामाचं हवं. त्यांनी डबा उलटून पाहिला तर तळाशी चिकटपट्टीने लावलेली ओतायची नळी होतीच. बऱ्याच डब्यांबरोबर येते, आधी ती शोधा. ओतून झाल्यावर नळी पाण्याने धुवायला सांगितली, नाहीतर वाळून पांढरे स्फटिक धरतात.

काच धुवायच्या पाण्याच्या टाकीचं काम अजून राहिलंय. तिचं तोंड एवढं कोपऱ्यात आहे की वाकड्या मानेचंही नरसाळं बॉनेटच्या बिजागरीला अडतं. चौथी सुरळी अजून ग्लव्ह बॉक्समध्ये आहे. काकांनी काटकोनी मानेचं एक मागवून ठेवतो म्हटलंय, पुढच्या शनिवारी जाऊन येईन.